तुर्कस्तानात एक निवांत दिवस: सीदेचे अवशेष, समुद्र आणि रिसॉर्ट

तुर्कस्तान म्हटलं की आपल्याकडे इस्तंबूल आणि कप्पादोकियाचे बलून आठवतात. ग्रुप टूरमध्ये भूमध्य समुद्राच्या वाट्याला जेमतेम एखादी रात्र येते. हॉटेलात पोचायला अंधार, सकाळी सातला बॅगा खाली, आणि समुद्र दिसतो तो बसच्या खिडकीतून. हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांनी पहिल्यांदाच भूमध्य किनाऱ्यावरच्या अंताल्या शहराच्या बाजूला तीन-चार रात्रींचं रिसॉर्ट बुक केलंय आणि आता ‘तिथे दिवसभर करायचं काय’ असा प्रश्न पडलाय.

उदाहरणाला मी सीदे घेतलंय. अंताल्या विमानतळापासून पूर्वेला साधारण ६५ किलोमीटर, रस्त्याने तासभर. समुद्रात घुसलेल्या एका चिंचोळ्या भूशिरावर हे प्राचीन शहर आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना वाळूचे किनारे. पश्चिमेला कुमकॉय, पूर्वेला सोर्गुन आणि तित्रेयेनग्योल. बहुतेक रिसॉर्ट या पट्ट्यांमध्येच आहेत, त्यामुळे दोन हजार वर्षांपूर्वीचं रोमन नाट्यगृह पाहायला लांबचा प्रवास करावा लागत नाही. सकाळी अवशेष आणि दुपारी समुद्र, असा दिवस इथे अगदी सहज जमतो.

निघण्याआधी

व्हिसाचं आधी बघा. भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा सगळ्यांना मिळत नाही. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा किंवा रहिवासी परवाना असेल तरच तो मार्ग खुला होतो. नसेल तर पासपोर्टवर चिकटवला जाणारा नेहमीचा व्हिसा काढावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. ई-व्हिसासाठी तुर्कस्तान सरकारचं अधिकृत संकेतस्थळच वापरा. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या काही साइट तेच काम जादा पैसे घेऊन करतात. अटी बदलत असतात, म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी त्याच ठिकाणी एकदा खात्री करून घ्या.

पैशांचं म्हणाल तर भारतीय रुपये तिथे बदलून मिळतील या भरवशावर जाऊ नका. थोडे युरो किंवा डॉलर रोख आणि व्हिसा किंवा मास्टरकार्डचं एक कार्ड पुरतं. दुकानात कार्ड मशीनवर ‘लिरा की तुमचं चलन’ असा पर्याय आला तर लिरा निवडा, नाहीतर बदलाचा दर महाग पडतो. थोडे लिरा सुटे हवेतच. मिनीबस, पाण्याची बाटली आणि बक्षीस यांना तेच लागतात.

आपल्याकडचे दोन गोल पिनांचे चार्जर तिथे चालतात, तीन पिनांचे चालत नाहीत. एक अडॅप्टर बॅगेत टाका. नळाचं पाणी पिऊ नका. रिसॉर्टमध्ये बाटल्या किंवा गाळलेल्या पाण्याची मशीन असतात.

कधी जायचं? एप्रिलचा शेवट, मे आणि ऑक्टोबर. ऑक्टोबरमध्ये समुद्राचं पाणी अजून पोहण्याजोगं असतं आणि ऊन सोसवतं. जुलै-ऑगस्टमध्ये पारा सहज पस्तिशीच्या पुढे जातो, वर किनाऱ्याचा दमटपणा. आपल्या शाळांच्या सुट्टीमुळे मे महिनाच सोयीचा असेल तर उत्तमच, फक्त मेच्या सुरुवातीला समुद्र जरा गार लागतो.

दिवस कसा मांडायचा

नवख्यांना सांगायची एकच गोष्ट निवडायची झाली तर ही: दिवसाला एकच ठिकाण, आणि दुपारी साडेबारा ते चार उन्हात काहीही नाही. आपल्याला पैसे वसूल करायची सवय असते. पण इथे जेवण, पाणी, पोहण्याचे तलाव, समुद्रकिनारा या सगळ्याचे पैसे ‘ऑल इन्क्लुझिव्ह’मध्ये आधीच भरलेले असतात. सकाळी आठ ते रात्री आठ बाहेर फिरलात तर विकत घेतलेली निम्मी सहल हॉटेलातच पडून राहते. तेव्हा सकाळचे तीन तास गावासाठी, दुपार रिसॉर्टसाठी आणि सूर्यास्ताला पुन्हा गावात. सुट्टीत घड्याळाचं एवढं ऐकलं तरी पुरे.

सकाळचा नाश्ता

नाश्ता सात-साडेसातला सुरू होतो. दार उघडताच जा. गर्दी नसते, ऑम्लेटच्या टेबलापुढे रांग नसते आणि पुढे गावातही ऊन चढायच्या आत पोचता येतं.

तुर्की नाश्ता शाकाहारी माणसाला पुरून उरतो. चार-पाच प्रकारचं चीज, काळे-हिरवे ऑलिव्ह, टोमॅटो-काकडी, अंडी, आणि तिळात घोळवलेला कडक गोल पाव, म्हणजे सिमित. मधाचं पोळं आणि त्याच्या शेजारी कायमाक, म्हणजे दुधाची घट्ट साय, ठेवलेली दिसली तर सोडू नका. ताज्या पावाच्या तुकड्यावर आधी साय, वरून मध. टोमॅटो-मिरचीत शिजवलेलं अंडं म्हणजे मेनेमेन. मसाला कमी असतो, पण तोंडाला चव येते.

बफेमध्ये जे पदार्थ ओळखीचे वाटत नाहीत त्यांच्यासाठी पाच-सहा शब्द पाठ करून ठेवा. तावुक म्हणजे कोंबडी, कुझु म्हणजे कोकराचं मटण, बालिक म्हणजे मासा, दाना आणि सिघिर म्हणजे गोमांस, दोमुझ म्हणजे डुकराचं मांस. एतसिझ म्हणजे मांसाशिवाय. जे गोमांस खात नाहीत त्यांनी सुजुक नावाच्या लालसर सॉसेजपासून जपावं. ते बहुधा गोमांसाचंच असतं आणि नाश्त्याला अंड्यातही घालतात.

दुपारी-रात्रीही अशीच एक फसगत होऊ शकते. वांग्याचे दोन पदार्थ शेजारी-शेजारी ठेवलेले असतात आणि दिसायला सारखे. इमाम बायिल्दी म्हणजे कांदा, लसूण, टोमॅटो भरून ऑलिव्ह तेलात शिजवलेलं वांगं, पूर्ण शाकाहारी. कार्नियारिकमध्ये मात्र खिमा भरलेला असतो. चमच्याने थोडं उघडून पाहिलं की लगेच कळतं. ‘झेयतिनयाली’ अशी पाटी असलेले गार वाढलेले भाज्यांचे प्रकार सहसा बिनमांसाचे असतात. मसुराचं सूप, मेर्जिमेक, शाकाहारी म्हणूनच डोळ्यांसमोर येतं, पण काही ठिकाणी ते मांसाच्या पाण्यात करतात. पांढरा भात, पिलाव, याचंही तसंच. कडक शाकाहारी असाल तर विचारूनच घ्या. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर मात्र मेथीचे ठेपले, चिवडा आणि दशम्या बरोबर न्या. दही, फळं आणि पाव यावर बाकीचं भागतं. काकडी घातलेलं पातळ दही म्हणजे जाजिक, त्यात बहुधा लसूण असतो, तेवढं टाळा.

दोल्मुशने गावात

रिसॉर्टच्या दारासमोरून दोल्मुश जातात. या ठरलेल्या मार्गावरच्या मिनीबस. थांबा जवळपास असतोच, नाहीतर हात केला तरी थांबवतात. पुढच्या काचेवर ‘सीदे’ची पाटी बघा, चढा आणि ड्रायव्हरला पैसे द्या. मागे बसला असाल तर पैसे पुढच्या प्रवाशाच्या हातात द्यायचे. ते हातोहात ड्रायव्हरपर्यंत जातात आणि सुटे पैसे त्याच वाटेने परत येतात. पहिल्यांदा जरा अवघडल्यासारखं होतं, पण इथे ही रोजचीच रीत आहे. उतरायचं असेल तेव्हा मोठ्याने ‘इनेजेक वार’ म्हणा, गाडी थांबते.

टॅक्सीने जायचं असेल तर मीटर चालू आहे ना, हे बसतानाच बघा.

अवशेष: कुठून सुरू करायचं

पायात पकड असलेले बूट किंवा सँडल हवेत. संगमरवर दोन हजार वर्षांच्या पावलांनी इतका गुळगुळीत झालाय की साध्या चपला सटकतात. टोपी आणि पाण्याची बाटली घ्या, कारण अवशेषांमध्ये सावली नाही.

सीदे ही इसवी सनपूर्व सातव्या शतकातली ग्रीक वसाहत. पुढे रोमन काळात बंदर भरभराटीला आलं. त्याआधी, इसवी सनपूर्व पहिल्या शतकात, पूर्वेकडच्या किलिकिया प्रदेशातले समुद्री चाचे इथे ठाण मांडून होते आणि गुलामांचा बाजार भरत असे. आज आपण पाहतो ते बहुतेक सगळं रोमन काळातलं, विशेषतः इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं.

बस स्थानकाकडून खांबांच्या रस्त्याने चालत निघा. दोन्ही बाजूंना तुटके खांब आणि दुकानांचे पाये दिसतात. थोड्या वेळात नाट्यगृह समोर येतं आणि इथे घाई करू नका. बहुतेक प्राचीन नाट्यगृहं टेकडीच्या उतारावर कोरलेली असतात, त्यामुळे पायऱ्यांना डोंगराचा आधार मिळतो. सीदे सपाट. म्हणून इथल्या बांधणाऱ्यांनी खाली कमानींची रांग उभी केली आणि वरच्या पायऱ्यांचा सगळा भार त्या कमानींवर तोलला. आत जाण्याआधी बाहेरून त्या कमानींखाली उभे राहा, दगड दगडावर कसा बसवलाय ते बघा, मग वर चढा. सगळ्यात वरच्या पायरीवरून एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला तोरोस पर्वताची रांग दिसते. मुलं बरोबर असतील तर त्यांचा हात सोडू नका, पायऱ्या उंच आहेत आणि कडेला कठडा सगळीकडे नाही.

समोरच वस्तुसंग्रहालय आहे, तेही जुन्या रोमन स्नानगृहात. गरम पाण्याच्या, कोमट पाण्याच्या आणि गार पाण्याच्या खोल्यांमधून फिरताना मधे मधे पुतळे भेटतात. जुन्या नगराच्या मधोमध असलेली ही लहानशी जागा मला मोठ्या संग्रहालयांपेक्षा जास्त आवडते. मूर्ती जिथे सापडल्या त्याच गावात त्या आहेत. इथलं शास्त्रीय उत्खनन १९४७ मध्ये आरिफ म्युफिद मान्सेल यांनी सुरू केलं. त्यांच्याबरोबर काम केलेल्या जाले इनान या तुर्कस्तानातल्या पहिल्या स्त्री पुरातत्त्वज्ञ मानल्या जातात. संध्याकाळी आपण ज्या मंदिराखाली उभे राहणार आहोत, त्याचे खांब पुन्हा उभे राहिले ते त्यांच्याच देखरेखीखाली.

परदेशी पर्यटकांसाठी तिकिटांचे दर युरोत लिहिलेले असतात आणि ते स्वस्त नाहीत. पुढे अस्पेंदोस, पेर्गे वगैरे जवळची प्राचीन शहरंही पाहायची असतील तर म्युझियम पासचा हिशेब मांडून बघा. दोन-तीन ठिकाणांसाठी तो परवडू शकतो.

एक सूचना अगदी कळकळीने. अवशेषांमधला दगड, खापराचा तुकडा, मोझेकचा चुकार ठिपका, काहीही उचलून खिशात टाकू नका. प्राचीन वस्तू देशाबाहेर नेणं हा तुर्कस्तानात गंभीर गुन्हा आहे, विमानतळावर अटक होऊ शकते. मुलांचे खिसेसुद्धा तपासा. शंख-शिंपल्यांबरोबर काय काय भरतात ते आपल्याला ठाऊक आहे.

संग्रहालय झालं की बंदराकडे जाणाऱ्या दुकानांच्या रस्त्याने एक चक्कर मारा. आज जिथे दुकानं आहेत ते खेडं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रीट बेटावरून आलेल्या मुस्लिम कुटुंबांनी वसवलं. त्यांनी घरं बांधली ती अवशेषांच्या मधे. एखाद्या कॅफेत चहा घ्या. ट्युलिपच्या आकाराच्या लहान काचेत येतो, दूध नसतं, साखरेचे ठोकळे बाजूला. दुधाचा चहा मागण्यात अर्थ नाही, पण सकाळच्या चालण्यानंतर हा कोरा चहा बरा वाटतो. साडेअकरापर्यंत परतीची दोल्मुश धरा.

दुपार: रिसॉर्टचे नियम

चेक-इनच्या वेळी मनगटात पट्टा बांधतात, तो जाईपर्यंत काढायचा नाही. सोबत टॉवेल कार्ड मिळतं. तलावाजवळच्या खिडकीत कार्ड द्या, टॉवेल घ्या, आणि संध्याकाळी टॉवेल देऊन कार्ड परत घ्या. कार्ड हरवलं तर पैसे भरावे लागतात, म्हणून ते खोलीतल्या तिजोरीत ठेवा.

तलावात सुती कपडे चालत नाहीत. साडी, सलवार, सुती टी-शर्ट घालून उतरलात तर जीवरक्षक बाहेर काढतो. अंगभर कपडे हवे असतील तर पोहण्याच्या कापडाची लेगिंग आणि लांब बाह्यांचा टॉप घ्या. बऱ्याच स्त्रिया असेच कपडे घालून पोहताना दिसतात, त्याने कोणी वळून बघत नाही. जेवणघरात मात्र ओल्या कपड्यांनी जाऊ नका. रात्रीच्या जेवणाला पुरुषांनी लांब पँट घालावी अशी बऱ्याच ठिकाणी अपेक्षा असते.

सीदेचा किनारा वाळूचा, पाणी बरंच आत जाईपर्यंत उथळ. पोहता न येणाऱ्यांना आणि लहान मुलांना हे बरं. लाल झेंडा असेल तेव्हा पाण्यात जायचं नाही, एवढी शिस्त पाळा. मे ते सप्टेंबर या काळात या किनारपट्टीवर समुद्री कासवं अंडी घालायला येतात. वाळूत जाळीचा पिंजरा किंवा काठ्यांनी आखलेली जागा दिसली तर ते घरटं समजा. वेळासच्या किनाऱ्यावर कासवांचा महोत्सव पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. रात्री तिथे विजेरीचा झोत टाकू नका.

अ-ला-कार्ट, म्हणजे मेनू बघून मागवायच्या, रेस्टॉरंटमध्ये एखादं जेवण तुमच्या पॅकेजमध्ये असू शकतं, पण जागा आधी राखावी लागते. पहिल्याच दिवशी रिसेप्शनवर विचारून टाका, शेवटच्या रात्रीसाठी ठेवलंत तर सहसा मिळत नाही. बफेतून ताटात थोडंच वाढून घ्या आणि पुन्हा जा.

हमाम

दुपारी तीनच्या सुमाराला, ऊन तळपत असताना, हमाम सगळ्यात चांगला. आधी विचारा: हमामच्या गरम खोलीत बसणं बहुधा फुकट असतं, पण घासणं आणि फेसाने न्हाणं याचे वेगळे पैसे पडतात. दर आधी ठरवून घ्या, मालिश वगैरे पुढच्या गोष्टी नको असतील तर स्पष्ट नाही म्हणा. रिसॉर्टच्या हमामात स्त्री-पुरुष एकत्र असतात आणि घासणारा माणूस कोणीही असू शकतो. स्त्रियांना स्त्रीच हवी असेल तर बुकिंग करतानाच तसं सांगा.

आत गेल्यावर कमरेभोवती पेश्तेमाल नावाचं पातळ चौकडीचं कापड गुंडाळायचं, आतून पोहण्याचे कपडे राहू द्या. मधोमध संगमरवरी ओटा असतो, खालून तापवलेला. त्यावर दहा-पंधरा मिनिटं नुसतं पडून राहायचं, अंग ढिलं होऊ द्यायचं. मग केसे नावाच्या खरखरीत हातमोज्याने घासतात. हातावरून करड्या वळकट्या निघताना दिसतात, घाबरू नका, ती मृत त्वचा. नंतर एका कापडी पिशवीत हवा भरून ती पिळतात, की ढगासारखा फेस अंगावर उतरतो, आणि शेवटी तांब्याने पाणी. उन्हाने त्वचा भाजलेली असेल तर त्या दिवशी घासून घेऊ नका, फार आग होते. म्हणूनच हमाम पहिल्या-दुसऱ्या दिवशीच उरकावा असं माझं मत आहे. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तो टाळावा. घासणाऱ्याला थोडं बक्षीस द्यायची पद्धत आहे.

संध्याकाळ: अपोलोचं मंदिर

भूशिराच्या टोकाला अपोलोच्या मंदिराचे पाच पांढरे खांब उभे आहेत. दुसऱ्या शतकातलं हे बांधकाम. खांबांच्या वरच्या पट्टीत मेदुसाचे, म्हणजे ग्रीक पुराणातल्या सापांचे केस असलेल्या स्त्रीचे, चेहरे कोरलेत, मान वर करून नीट पाहा, एकेकाच्या चेहऱ्यावरचे भाव वेगळे आहेत. इथे तिकीट नाही. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचा, कारण फोटोसाठी गर्दी होते. गर्दी नको असेल तर खांबांपासून जरा दूर, समुद्राच्या बाजूच्या दगडांवर बसा, तिथून खांब आणि सूर्य दोन्ही दिसतात.

वेळ जुळवताना एक अडचण येते. जून-जुलैत सूर्य आठ वाजून गेल्यावर मावळतो, तर बफे बऱ्याच ठिकाणी नऊला बंद होतो. अशा वेळी थोडं लवकर जेवून निघा किंवा त्या रात्री गावातच गोझलेमे खा. पातळ लाटलेल्या पोळीत चीज, पालक किंवा बटाटा भरून तव्यावर भाजतात. ऑक्टोबरच्या मध्यात सूर्यास्त सव्वासहाच्या आसपास असतो, तेव्हा आधी सूर्यास्त आणि मग रिसॉर्टचं जेवण. उन्हाळ्यात काही अवशेष रात्रीही खुले ठेवतात, त्या वर्षीच्या वेळा रिसेप्शनवर कळतील. शेवटची दोल्मुश किती वाजता, हे सकाळीच ड्रायव्हरला विचारून ठेवा.

खरेदीत ‘तुर्की केशर’ म्हणून ढिगाने स्वस्त विकतात ती बहुधा करडईची फुलं असतात. रंग येतो, केशराचा वास येत नाही. घरच्यांसाठी काही न्यायचंच असेल तर लोकुम ही तुर्की मिठाई न्या. पारंपरिक लोकुम स्टार्चपासून करतात, जिलेटिन नसतं. पिस्त्याचं घ्या आणि चव घेऊन घ्या, दुकानदार आनंदाने देतात.

दुसऱ्या दिवशीसाठी

सोमवार किंवा गुरुवार असेल तर सकाळी जवळच्या मानवगात गावाचा आठवडी बाजार. तिथून जवळच मानवगातचा धबधबा, उंच नाही पण रुंद, आणि पाणी थंडगार. नाहीतर अस्पेंदोसचं नाट्यगृह, सीदेहून पश्चिमेला अर्ध्या-पाऊण तासावर. वास्तुकार झेनोनने रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळात बांधलेल्या या नाट्यगृहाची रंगमंचामागची भिंत आजही जवळजवळ संपूर्ण उभी आहे. सीदेच्या कमानी पाहिल्यावर ती भिंत पाहिली की एकाच काळातल्या दोन बांधकामांमधला फरक ध्यानात येतो.

जायच्या दिवशी खोली बाराला सोडावी लागते, विमान मात्र बऱ्याचदा रात्री असतं. बॅगा सामानाच्या खोलीत ठेवून पट्टा तसाच राहू देता येईल का आणि जेवण चालेल का, हे आदल्या संध्याकाळी विचारून घ्या. पोहण्याचे कपडे, टॉवेल आणि एक कोरडा जोड हातातल्या पिशवीत वेगळा काढून ठेवा. तलावाजवळ अंघोळीची सोय असते, त्यामुळे गाडी येईपर्यंत पोहता येतं.